मिनेसोटातील सरोवरविहार

विरंगुळा हा विषय आपल्याकडे फारशा गांभीर्याने घेतला जात नाही. काम आटोपल्यावर उरलेला वेळ कसा घालवावा हा ज्याचा त्याचा घरगुती प्रश्न. त्याचा राज्यकारभाराशी काय संबंध, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सरकारी कचेरीत वावरणाऱ्या माझ्यासारख्यांची तर ती अधिकच पक्की असते. रस्ते, पाटबंधारे, सारावसुली, दुष्काळी कामे ही सरकारची कामे. होडी वल्हवणे, पाण्यात डुंबणे, गळ टाकून तासन् तास बसणे ही कोणत्याही खात्याची कामे नव्हेत. आज मी ज्या प्रदेशाविषयी आपणांशी बोलणार आहे, तेथे मात्र या समजुतीला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच तडा गेला. अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, कॅनडाला लागून, मिनेसोटा नावाचे एक राज्य आहे. तेथील सरोवरे, त्या सरोवरांवर चालणारा लोकांचा विहार, आणि तो विहार सर्वांना मोकळा राहावा म्हणून झालेले कायदे व भांडणे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या भूमीची थोडी ओळख करून घेऊ. मिनेसोटाचे क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊणपटीच्या जवळपास. लोकसंख्या मात्र साठ लाखांहूनही कमी. ‘मिनेसोटा’ हे नावच मुळी पाण्यावरून पडलेले आहे. डाकोटा लोकांच्या भाषेत ‘म्नी’ म्हणजे पाणी. ज्या पाण्यात ढगांची किंवा आभाळाची छटा उतरली आहे असे पाणी, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. तेथील मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर ‘दहा हजार सरोवरे’ अशी अक्षरे असतात. जाहिरातीतील आकडे बहुधा फुगवलेले असतात. येथे उलटा प्रकार आहे. दहा एकर किंवा त्याहून मोठी सरोवरेच मोजली तरी त्यांची संख्या ११,८४२ भरते. राज्यातील ८७ जिल्ह्यांपैकी अवघ्या चार जिल्ह्यांत नैसर्गिक सरोवर नाही.

इतके पाणी एका ठिकाणी आले कोठून? हे देणे हिमनद्यांचे आहे. शेवटच्या हिमयुगात हा सारा मुलूख बर्फाच्या प्रचंड थराखाली दडपलेला होता. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी तो थर उत्तरेकडे हटू लागला. हटताना त्याने दोन प्रकारची कामगिरी केली. उत्तरेच्या कठीण खडकात त्याने आधीच खोलगट भांडी कोरून ठेवली होती. ती आता पाण्याने भरली. दक्षिणेकडे व मध्यभागी त्याने वाहून आणलेली माती, वाळू आणि गोटे पसरले. त्या गाळात बर्फाचे मोठमोठे खडे पुरले गेले होते. ते सावकाश वितळले, वरची माती खचली, आणि त्या खळग्यांची तळी झाली. म्हणून उत्तरेची सरोवरे खडकाळ, खोल व थंड आहेत, तर मध्यभागातील उथळ, ऊबदार आणि माशांनी समृद्ध आहेत. या राज्यात पडलेले पावसाचे पाणी तीन दिशांनी तीन समुद्रांकडे निघते: उत्तरेला हडसनच्या उपसागराकडे, पूर्वेला सुपीरियर सरोवरातून अटलांटिककडे, आणि दक्षिणेला मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे.

मिसिसिपीचा उल्लेख आला आहे, तर तिच्या उगमापासूनच आपण आपल्या विहाराला आरंभ करू. सुमारे पावणेचार हजार किलोमीटर धावणारी ही महानदी इटास्का नावाच्या एका शांत सरोवरातून बाहेर पडते. सरोवराच्या तोंडाशी दगडांची एक ओळ आहे. त्या दगडांवरून पावले टाकीत लहान मुलेसुद्धा मिसिसिपी ओलांडतात. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून आईबाप त्यांची छायाचित्रे घेतात. १८३२ साली हेन्री स्कूलक्राफ्ट हा अधिकारी ओझाविंडिब नावाच्या ओजिब्वे वाटाड्याच्या मार्गदर्शनाने येथे पोहोचला आणि उगमाचा शोध लावल्याचे श्रेय त्याला मिळाले. वाटाड्याला ती जागा अर्थातच आधीपासून ठाऊक होती.

त्या काळात मिनेसोटाचे उंच पाइन वृक्ष झपाट्याने तोडले जात होते. उगमाभोवतीचे जंगल तरी वाचावे म्हणून जेकब ब्राउअर या गृहस्थांनी खटपट केली आणि १८९१ साली राज्याच्या विधिमंडळाने इटास्का हे आपले पहिले राज्य-उद्यान जाहीर केले. हा ठराव अवघ्या एका मताच्या आधिक्याने मंजूर झाला. पण कागदावर उद्यान झाले म्हणून लाकडाचे व्यापारी थांबले नाहीत. १९०३ साली मेरी गिब्ज या अवघ्या चोवीस वर्षांच्या तरुणीकडे उद्यानाची देखरेख आली. ओंडके वाहून नेण्यासाठी लाकूडवाल्यांनी बांध घालून पाणी अडवले होते, आणि चढलेल्या पाण्याने काठावरची झाडे मरू लागली होती. बांधाची दारे उघडण्यासाठी ही तरुणी स्वतः तेथे गेली. बंदूकधारी माणसांनी गोळी घालण्याची धमकी दिली, तरी ती डगमगली नाही. आज इटास्काच्या जुन्या पाइन वृक्षांखालून हजारो कुटुंबे फिरतात, तेव्हा त्या सावलीच्या मुळाशी एक मत आणि एक मुलगी आहे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आज त्या राज्यात अशी साठांहून अधिक राज्य-उद्याने आहेत.

आता सामान्य माणसाच्या उन्हाळ्याकडे वळू. मिनेसोटातील हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. त्यामुळे मे महिना उजाडला की सगळे राज्य पाण्याकडे धाव घेते. मेच्या मध्याच्या सुमारास एका शनिवारी वॉलआय नावाच्या माशाची मासेमारी अधिकृतपणे खुली होते. हा मासा राज्याचा मानचिन्हरूप मासा आहे, आणि हा दिवस जवळजवळ सणासारखा पाळला जातो. १९४८ सालापासून राज्याचा गव्हर्नर स्वतः या दिवशी गळ घेऊन होडीत बसतो अशी प्रथा आहे. मासा लागला नाही तर दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे त्याची चेष्टा करतात आणि तोही ती हसून सोसतो. दहा लाखांहून अधिक लोक तेथे मासेमारीचा परवाना घेतात. त्या परवान्याच्या पैशातून मत्स्यबीज सोडणे, सरोवरांची पाहणी करणे, नियम मोडणाऱ्यांना पकडणे ही कामे चालतात. म्हणजे छंद करणाराच आपल्या छंदाच्या रक्षणाचा खर्च उचलतो.

येथे एक कायद्याचा मुद्दा सांगितला पाहिजे, कारण साऱ्या विहाराची किल्ली त्यात आहे. सरोवराच्या काठची जमीन खाजगी असू शकते. पुष्कळ ठिकाणी ती तशीच आहे, आणि तेथे लोकांनी उन्हाळी घरे बांधलेली आहेत. परंतु काठ खाजगी झाला म्हणून पाणी खाजगी होत नाही. जो कोणी कायदेशीर वाटेने पाण्यात उतरला, त्याला त्या सरोवरावर कोठेही होडी नेता येते, पोहता येते, गळ टाकता येतो. मग प्रश्न उरतो तो वाटेचा. सगळा काठ बंगलेवाल्यांनी व्यापला तर बाकीच्यांनी उतरावे कोठून? यावर राज्याने फार साधा उपाय काढला. सरोवराच्या काठचा जमिनीचा लहानसा तुकडा विकत घ्यायचा, तेथे पाण्यात उतरता उताराचा धक्का बांधायचा, आणि शेजारी चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा ठेवायची. असे दीड हजारांहून अधिक सार्वजनिक उतार त्या राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याकडे आहेत. ज्याच्यापाशी काठावर हातभर जमीन नाही असा मजूरही आपली पत्र्याची होडी गाडीमागे बांधून आणतो आणि लक्षाधीशाच्या बंगल्यासमोर बसून मासे धरतो. लोकशाहीची व्याख्या अनेकांनी केली आहे. या काँक्रीटच्या उताराइतके सुटसुटीत उदाहरण मला दुसरे आढळले नाही.

१९६९ साली झालेल्या कायद्याने काठाच्या मालकांवरही काही बंधने घातली. घर पाण्यापासून किती अंतरावर बांधावे, सांडपाण्याची व्यवस्था कशी असावी, यांचे नियम आले. मालकी आपली असली, तरी आपल्या मोरीचे पाणी ज्या सरोवरात जाणार ते सर्वांचे आहे, हे त्यामागचे तत्त्व.

हेच तत्त्व शहरात कसे उतरले ते मिनिआपोलिस येथे पाहावयास मिळते. हे राज्यातील सर्वांत मोठे शहर. त्याच्या हद्दीतच अनेक सरोवरे आहेत. १८८३ साली नागरिकांनी मतदान करून स्वतंत्र उद्यान-मंडळ स्थापन केले. होरेस क्लीव्हलंड या उद्यानरचनाकाराने सल्ला दिला की शहर वाढून जमिनीच्या किमती चढण्यापूर्वीच सरोवरांचे व ओढ्यांचे काठ सार्वजनिक मालकीत घेऊन ठेवावेत. तो सल्ला मानला गेला. पुढे १९०६ ते १९३५ या काळात थिओडोर वर्थ हे उद्यानांचे अधीक्षक होते. हिरवळीवर पाय ठेवू नये अशा अर्थाच्या पाट्या त्यांनी काढून टाकल्या. उद्यान पाहण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले. आज त्या शहरात सरोवरे व ओढे जोडत जाणारा सुमारे ऐंशी किलोमीटरांचा मार्ग आहे. काठावर पायी चालणाऱ्यांची वाट वेगळी, सायकलींची वेगळी. शहरातील या मोठ्या सरोवरांच्या काठावर खाजगी घरांची भिंत नाही. घरे रस्त्याच्या पलीकडे, पाणी आणि गवत रस्त्याच्या अलीकडे. कचेरी सुटल्यावर कारकून आणि डॉक्टर त्याच पाण्यात पोहतात.

यांपैकी एका सरोवराला पूर्वी कॅल्हून हे नाव होते. ते गुलामगिरीचा हिरीरीने पुरस्कार करणाऱ्या एका राजकीय पुढाऱ्याचे. २०१८ साली राज्याने त्याला डाकोटा भाषेतील जुने नाव परत दिले: ब्दे माका स्का. त्यावरून दावे झाले, आणि २०२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नवे, म्हणजे खरे तर जुनेच, नाव कायम केले.

परंतु श्रोतेहो, सरोवरविहाराचा खरा आनंद घ्यायचा तर शहर सोडून राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात गेले पाहिजे. तेथे कॅनडाच्या सीमेला लागून ‘बाउंडरी वॉटर्स’ नावाचा सुमारे अकरा लाख एकरांचा राखीव अरण्यप्रदेश आहे. त्यात एक हजाराहून अधिक सरोवरे आहेत. रस्ते नाहीत, दुकाने नाहीत, विजेचे खांब नाहीत, दिशा दाखवणारी पाटीसुद्धा नाही. प्रवासाचे साधन एकच: कॅनू नावाची अरुंद, हलकी, वल्ह्यांनी चालणारी होडी. एक सरोवर संपले की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची, पाठीवर सामानाची पिशवी बांधायची, आणि झाडीतील पायवाटेने पुढच्या सरोवरापर्यंत चालत जायचे. या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. तिची लांबी अजूनही ‘रॉड’ या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीएवढी लांबी. ओजिब्वे लोक आणि पुढे कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच नावाडी यांनी मळलेल्या याच वाटा आहेत.

या प्रदेशात मी चार दिवस काढले. प्रशासनाच्या दृष्टीने मला त्याची जी व्यवस्था दिसली ती फार विचारपूर्वक आखलेली होती. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामाला येणाऱ्यांसाठी प्रत्येक प्रवेशद्वारातून रोज किती गटांनी आत जावे याची संख्या ठरलेली असते, आणि त्याप्रमाणे परवाने मिळतात. एका गटात नऊपेक्षा अधिक माणसे नसावीत, चारांपेक्षा अधिक होड्या नसाव्यात. डबाबंद पदार्थांचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. आत जाण्यापूर्वी हे नियम समजावून सांगतात. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत; प्रत्येक ठिकाणी चुलीसाठी एक लोखंडी जाळी आणि झाडीत मागे एक साधा शौचकूप, एवढीच सोय. एकदा आत गेल्यावर मात्र चौकीदार दिसत नाही. नियम माणसाच्या सवयीवर सोपवलेले असतात. संध्याकाळी आम्ही एका खडकावर तंबू ठोकला, तेव्हा आमच्या आधी तेथे शेकडो लोक राहून गेले असतील हे उघड होते. पण जळक्या काड्यांखेरीज त्यांची काही खूण नव्हती. रात्री लून नावाच्या पाणपक्ष्याची हाक सरोवरावरून आली. ती हाक रडण्यासारखी आहे की हसण्यासारखी, याबद्दल आमच्यात एकमत झाले नाही. खांदे मात्र सर्वांचेच दुखत होते, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

ही शांतता आपोआप टिकली असे कोणी समजू नये. तिच्यासाठी जवळजवळ प्रत्येक पिढीला झगडावे लागले आहे. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी येथे सुपीरियर राष्ट्रीय वन जाहीर केले. १९२५ च्या सुमारास एडवर्ड बॅकस या उद्योगपतीने वीजनिर्मितीसाठी सीमेवरील सरोवरांवर धरणांची मालिका बांधण्याची योजना मांडली. ती पार पडली असती तर शेकडो बेटे, धबधबे आणि काठ पाण्याखाली गेले असते. अर्नेस्ट ओबरहोल्ट्झर हे या भागातील एका बेटावर राहणारे गृहस्थ त्या योजनेविरुद्ध उभे राहिले. १९३० साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून काठापासून चारशे फुटांच्या आत लाकूडतोडीला आणि पाण्याची नैसर्गिक पातळी बदलण्याला बंदी घातली.

दुसऱ्या महायुद्धानंतर संकट आकाशातून आले. पाण्यावर उतरणारी लहान विमाने हौशी पाहुण्यांना थेट आतल्या सरोवरांवर नेऊन सोडू लागली. ज्या सरोवरावर पोहोचण्यासाठी दुसऱ्या माणसाने तीन दिवस वल्हे मारले, तेथे हा पाहुणा वीस मिनिटांत येऊन मासे पकडून परत जात असे. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आदेश काढून या प्रदेशावरून समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांच्या खाली विमान नेण्यास मनाई केली. नंतर १९६४ साली देशाचा अरण्य-कायदा झाला आणि १९७८ साली खास या प्रदेशासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने मोटारबोटींना एकूण जलपृष्ठाच्या सुमारे चतुर्थांश भागापुरते मर्यादित केले आणि लाकूडतोड थांबवली.

येथवर ऐकून कोणास वाटेल की एका बाजूला निसर्गाचे रक्षक आणि दुसऱ्या बाजूला स्वार्थी लोक, असा हा सरळ सामना होता. तसे नव्हते. अरण्याच्या वेशीवर ईली नावाचे लहानसे गाव आहे. तेथील कित्येक कुटुंबांची आतल्या सरोवरांवर विश्रामगृहे होती. १९४८ च्या कायद्याने सरकारला ती विकत घेण्याचा अधिकार मिळाला, आणि एकामागून एक ती उठवली गेली. ज्या सरोवरावर आजोबा मोटारबोटीने जात, तेथे नातवाला मज्जाव झाला. शहरातील लोकांच्या एकांतासाठी आमचे घर आणि धंदा का जावा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. सिगर्ड ओल्सन हे त्याच ईली गावचे अध्यापक आणि लेखक. अरण्यरक्षणाच्या चळवळीचे ते एक आधारस्तंभ. १९७७ साली गावात या कायद्याची जाहीर सुनावणी झाली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवला. ओल्सन गाव सोडून गेले नाहीत. १९८२ साली ईलीतच, बर्फावरून चालत असताना, त्यांचे निधन झाले.

त्या वादात आणखी एक युक्तिवाद पुढे आला होता. मोटारबोटी बंद केल्या तर अपंग आणि वृद्ध माणसांना या सरोवरांचे दर्शन कायमचे दुरावेल, असे बंदीचे विरोधक म्हणत. तेव्हा चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या आणि ऐकू न येणाऱ्या काही व्यक्तींसह एक गट होड्या वल्हवीत प्रत्यक्ष अरण्यात जाऊन आला. त्यातूनच अशा प्रवासांची सोय करणारी एक संस्था पुढे उभी राहिली. वादाचे उत्तर वल्ह्याने देण्याची ही रीत मला फार आवडली.

याहून खोल प्रश्न या पाण्याच्या मूळ रहिवाशांचा आहे. आपण ज्याला विहार म्हणतो तो ओजिब्वे लोकांचा चरितार्थ होता. १८३७ आणि १८५४ च्या करारांनी त्यांनी विस्तीर्ण भूमी अमेरिकन सरकारच्या स्वाधीन केली; पण तेथे शिकार, मासेमारी व रानभाताची वेचणी करण्याचा हक्क करारात नोंदवून घेतला. पुढे राज्याने हा हक्क जवळजवळ विस्मृतीत टाकला. आपल्या परवान्यावाचून मासे धरणाऱ्या ओजिब्वे माणसाला राज्याचे अधिकारी पकडत. मिल लॅक्स या मोठ्या सरोवरावरून हा वाद शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९९ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला की १८३७ चा हक्क अजून जिवंत आहे. तेव्हापासून राज्य आणि ओजिब्वे समाजाचे आठ गट मिळून त्या सरोवरातून दरवर्षी किती वॉलआय काढावेत हे ठरवतात. हौशी मासेमारांतील अनेकांना हे रुचले नाही. आपली सुट्टी आणि दुसऱ्याचे अन्न एकाच पाण्यात असते तेव्हा वाटणी करणे सोपे नसते.

रानभाताविषयी दोन शब्द अधिक सांगतो. ओजिब्वे भाषेत त्याला मनूमिन म्हणतात. उथळ सरोवरांत तो आपोआप उगवतो. उन्हाळ्याच्या अखेरीस दोन माणसे होडीतून जातात. एक लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या दांडक्यांनी लोंब्या वाकवून झोडपतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडून पुढल्या वर्षीचे बी होतात. राज्याच्या कायद्याने होडीची लांबी-रुंदी आणि दांडक्याचे वजनसुद्धा ठरवून दिले आहे, म्हणजे रोपांना इजा होऊ नये. भाताच्या देशातून गेलेल्या माणसाला हे शेत पाहून नवल वाटल्यावाचून राहत नाही: पेरणारा कोणी नाही, पण कापणीची शिस्त मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली.

आता हिवाळ्याविषयी. सरोवरे गोठली म्हणजे विहार थांबतो असे समजू नका. तो फक्त पायांवर येतो. गोठलेल्या पृष्ठभागावर लोक लहान लाकडी खोल्या ओढून नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि शेगडीजवळ बसून गळ सोडतात. लोकप्रिय सरोवरांवर अशा खोल्यांची तात्पुरती गावेच वसतात. मुले बर्फावर हॉकी खेळतात. स्कीवर घसरत जाणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या, यांत्रिक बर्फगाड्यांच्या वेगळ्या. बर्फगाड्यांच्या वाटांची एकूण लांबी वीस हजार मैलांहून अधिक आहे, आणि त्यांपैकी बहुतेक वाटांची निगा स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक राखतात. एका माणसाला चालण्यासाठी निदान चार इंच जाडीचा स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. लहान मोटार न्यायची तर नऊ-दहा इंच तरी हवा. हे आकडे तेथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात.

पण तो बर्फही आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत मिनेसोटाच्या सरोवरांवरील बर्फाचा मुक्काम सरासरीने दहा ते चौदा दिवसांनी घटला आहे. २०२३ च्या डिसेंबरअखेर एका उत्तरेकडील सरोवरावर बर्फाचा तुकडा काठापासून सुटून वाहू लागला आणि त्यावर अडकलेल्या शंभराहून अधिक मासेमारांना बाहेर काढावे लागले. दुसरे संकट होड्यांबरोबर येते. परदेशी जहाजांतून आलेले झेब्रा नावाचे शिंपले १९८९ साली डुलुथच्या बंदरात आढळले आणि होडीच्या तळाला चिकटून एका सरोवरातून दुसऱ्यात पसरत गेले. म्हणून आता सरोवर सोडताना होडी घासून साफ करणे आणि तिचे बूच काढून सर्व पाणी सांडून टाकणे कायद्याने बंधनकारक आहे. ज्या सार्वजनिक उताराने सर्वांना पाणी मोकळे केले, त्याच उताराने हा उपद्रवही मोकळा झाला. सार्वजनिक हक्काला सार्वजनिक काळजीची जोड नसेल तर काय होते, त्याचे हे उदाहरण.

तिसरा प्रश्न खाणींचा. उत्तर मिनेसोटात लोखंडाच्या खाणींनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांना काम दिले आहे. बाउंडरी वॉटर्सच्या वरच्या अंगाला तांबे व निकेल यांचे साठे आहेत. त्या गंधकयुक्त खडकातून झिरपणारे पाणी अरण्यातील सरोवरे बिघडवील, अशी भीती आहे. उलट, कामधंद्याची गरजही खरी आहे. २०२३ साली केंद्र सरकारने सुमारे सव्वादोन लाख एकर भूमीवर वीस वर्षे खाणींचे नवे पट्टे देण्यास मनाई केली. त्या निर्णयाने वाद मिटला नाही. तो पुढेही चालूच राहिला. खाण आणि विहार यांचे नेहमी हाडवैरच असते असे मात्र नाही. कयूना नावाच्या भागात लोखंडाच्या सोडून दिलेल्या खाणी पाण्याने भरल्या आणि त्यांची निळीशार तळी झाली. १९९३ साली राज्याने तेथे विहारक्षेत्र स्थापन केले. मातीच्या ढिगांवर झाडी वाढली आहे, आणि २०११ पासून त्या तांबड्या ढिगांवरून सायकलस्वारांसाठी खास वाटा आहेत.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: या साऱ्याचे पैसे कोण देते? १९८८ साली मिनेसोटाने पर्यावरणाचा कायम निधी स्थापन केला, आणि पुढे राज्य-सोडतीच्या उत्पन्नाचा काही भाग त्याकडे वळवला. त्यानंतर २००८ च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे राज्यघटनेतील एक दुरुस्ती आली: विक्रीकर तीनअष्टमांश टक्क्याने वाढवावा, पंचवीस वर्षे तो चालावा, आणि त्याचे उत्पन्न स्वच्छ पाणी, वन्य अधिवास, उद्याने व वाटा, आणि कला यांवरच खर्च व्हावे. तो काळ आठवा. बँका कोसळत होत्या, माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. अशा वेळी लोक आपण होऊन कर वाढवून घेतील असे कोणी म्हटले असते तर त्यास वेड्यात काढले असते. पण ती दुरुस्ती मंजूर झाली. २०२४ साली सोडतीच्या निधीची मुदत वाढवण्याचा प्रश्न आला, तेव्हा तीनचतुर्थांशांहून अधिक मते त्याच्या बाजूने पडली.

करवसुलीशी ज्याचा दुरूनही संबंध आला आहे त्याला या घटनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. कर हा शब्द उच्चारताच माणसाची मुद्रा बदलते, मग तो कोणत्याही देशाचा असो. मग हे लोक का तयार झाले? मला वाटते, त्यांच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक उतारावरून पहिली होडी पाण्यात ढकलली होती. त्या पाण्याशी त्यांचा संबंध पुस्तकी नव्हता. आजोबांनी गळाला किडा लावून दिला, वडिलांनी पोहायला शिकवले, शाळेने तंबू ठोकायला नेले. माणूस ज्या पाण्यात खेळला, त्याच्यासाठी खिशात हात घालायला तो फारसा कचरत नाही. ज्या पाण्याला त्याला कधी हातच लावू दिला नाही, ते आटले काय आणि नासले काय, त्याला त्याचे सुखदुःख नसते. विरंगुळ्याला राज्यकारभारात स्थान का असावे, याचे मला सापडलेले उत्तर हेच आहे. आज सरोवराकाठी खेळणारी मुले उद्या त्या सरोवराच्या बाजूने मत देणारी माणसे होतात.

हिमनद्यांनी मिनेसोटाला अकरा-बारा हजार सरोवरे दिली. त्यांच्या काठापर्यंत जाणारी वाट मात्र माणसांनाच करावी लागली: कधी एका मताने, कधी न्यायालयात पाच विरुद्ध चार अशी, कधी कोणाचे घर उठवून, तर कधी कोणाचा विसरलेला हक्क परत देऊन. ती वाट अजून पुरी झालेली नाही, आणि ती मोकळी ठेवण्याचे काम तेथील प्रत्येक पिढीच्या वाट्याला येत राहील. आपणांपैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी त्या बाजूला राहत असेल, आणि भेटीला जाण्याचा योग आला, तर मोठ्या शहरांच्या उंच इमारती अवश्य पाहाव्यात; पण एक सकाळ राखून ठेवावी, एखाद्या सार्वजनिक उतारावर जाऊन उभे राहावे आणि पाण्यात कोण कोण उतरते ते स्वस्थ पाहावे.